भिंतीपलीकडचा गडी

रात्री साडेआठला एका बुडालेल्या जपानी कंपनीनं आपला ऑनलाइन खेळ कायमचा बंद केला. एके काळी तो जगभर लाखो जण खेळत. त्या शेवटच्या रात्री खेळातल्या ओस शहरात शेवगावचे दोघेच लढत होते, कानिफ आणि त्याचा थोरला भाऊ भास्कर. वाटणीत घराच्या मधोमध भिंत आली, तेव्हापासून दोघांचं बोलणं तुटलं होतं. खेळात मात्र ते टोपणनावांनी एकाच बाजूला असत. एकमेकांना ओळखून होते, पण ओळख दाखवत नसत.

शेवटच्या मिनिटाला भास्करनं लिहिलं, “उद्यापासून कुनाच्या मागं लपशील रं?”

कानिफनं पहिल्यांदाच “दादा” असं लिहिलं. ते पोहोचायच्या आत पडदा काळा झाला.

भिंतीपलीकडं दाराची कडी निघाली. कानिफ आपल्या दाराशी गेला आणि कडीवर हात ठेवून आतच उभा राहिला.