रॅम्पवर पाय ठेवू नये

"भाऊ, ब्रेक! ब्रेक लावा!" चंद्रप्रकाश दोन्ही हात पसरून रॅम्पसमोर आडवा झाला.

भाऊंनी व्हीलचेअर थांबवली. मांडीवर बोंबलांची पिशवी, पिशवीतून पाणी ठिबकतंय, चाकं मासळी बाजारातल्या चिखलाने ओली. सकाळी ते निघाले तेव्हा रॅम्प हा रॅम्पच होता. परत येईपर्यंत तो खालपासून वरपर्यंत रांगोळीने भरला होता. गुलाबी इमारत, हिरवी झाडं, पिवळाधमक सूर्य आणि मधोमध व्हीलचेअरमध्ये बसलेला एक हसरा म्हातारा. रांगोळी काढणाऱ्या सोसायटीतल्या श्रुतिकाने त्याला भाऊंच्याच मिशा दिल्या होत्या.

"बरी जमली हा," भाऊ म्हणाले. "आता माका घराक जाऊचा आसा."

"जायचंय ना! परीक्षक बघून गेल्या की लगेच."

विक्रोळीची ही सोसायटी 'शाश्वत, सर्वसमावेशक आणि सुंदर निवास' स्पर्धेच्या शेवटच्या फेरीत पोचली होती. ढाल आपलीच, हे सेक्रेटरी चंद्रप्रकाशने फॉर्म भरला त्या दिवशीच ठरवलं होतं. लॉबीत ढालीसाठी खिळासुद्धा ठोकून तयार होता. शाश्वत म्हणून गच्चीत सोलर होतं. सर्वसमावेशक म्हणून रॅम्प होता. सुंदर तेवढं जरा कमी पडत होतं, म्हणून ते त्याने रॅम्पवरच काढून घेतलं. एका जागेत दोन्हीचे मार्क.

"बोंबील थांबूचे नाय रे चंद्या."

"मग पायऱ्यांवरून उचलून नेतो तुम्हाला. ए निलेश, इकडे ये! दोघा-तिघांना घेऊन ये!"

"मी काय गणपती आसंय, उचलून नेऊक?"

सोसायटीच्या गणपती मंडळातला निलेश आला, हात चोळत म्हणाला, "बसा हो भाऊ, झकास नेतो. मोरया बोलायचं का?"

"बोल. नि मगे खाडीत नेऊन बुडव."

तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली. परीक्षक वसुधाताई उतरल्या, गळ्यात ओळखपत्र, पायात साध्या चपला. चंद्रप्रकाश भाऊंच्या पुढे असा काही उभा राहिला, की बाईंना आधी तो दिसावा, मग रांगोळी दिसावी आणि भाऊ शक्यतो दिसूच नयेत.

"मॅडम, हा आमचा सर्वसमावेशक रॅम्प!"

"छान आहे हो रांगोळी," वसुधाताई म्हणाल्या. "आणि रॅम्प वापरतं कोण?"

"आमचे भाऊ! रोज वापरतात. रोज!"

"हेच का ते?" बाईंनी चंद्रप्रकाशच्या काखेखालून वाकून बघितलं. "मग हे खाली का थांबलेत?"

"आज जरा... रांगोळी आहे ना."

भाऊंनी पिशवी मांडीवर नीट दाबून धरली. "बाई, बोंबील खातास?"

"खाते की."

"मगे वायच बाजूक सरा."

बाई सरल्या. चंद्रप्रकाशने हात पसरायच्या आत भाऊंनी चाकांना रेटा दिला.

"भाऊ, माझा सूर्य!" श्रुतिका रॅम्पच्या वरच्या टोकावरून किंचाळली. चाकं सूर्यावरून गेली, झाडांवरून गेली, हसऱ्या म्हाताऱ्याच्या मिशांवरून गेली. वर पोचल्यावरही थांबली नाहीत. सकाळीच पुसून चकाचक केलेल्या लॉबीत, पार लिफ्टपर्यंत, दोन रेघा उमटत गेल्या. एक गुलाबी, एक हिरवी. लिफ्टचं दार बंद झालं आणि मागे फक्त बोंबलांचा वास राहिला.

वाट लागली. चंद्रप्रकाशला भिंतीवरचा रिकामा खिळा दिसला. श्रुतिकाच्या डोळ्यांत पाणी.

वसुधाताई रॅम्पपाशी उकिडव्या बसल्या. चाकांच्या खुणा निरखू लागल्या.

"हे मुद्दाम ठरवलं होतंत?"

विचार करायला चंद्रप्रकाशला आयुष्यात कधी वेळ लागला नव्हता. "म्हणजे काय मॅडम! अर्धी रांगोळी श्रुतिका काढते, अर्धी भाऊ. आमचा कन्सेप्टच तसा आहे!"

श्रुतिकाने डोळे पुसले आणि त्याच्याकडे असं बघितलं, की दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता.

"सगळीकडे नुसते रॅम्पच दाखवतात हो," वसुधाताई म्हणाल्या. "रॅम्पवरचं चाक मी आज पहिल्यांदा बघतेय." त्यांनी उभ्याने, वाकून, बसून फोटो काढले. "उद्या पूर्ण समितीला घेऊन येते. हे असंच राहील ना?"

"एक कण हलणार नाही, मॅडम!"

रिक्षा वळली नाही तोच त्याने मंडळाच्या सामानातून झेंडूच्या प्लास्टिकच्या दोन माळा आणवल्या. रॅम्पच्या वरच्या टोकाला एक, खालच्या टोकाला एक, अशा आडव्या बांधल्या. निलेशकडून पुठ्ठ्यावर पाटी लिहून घेतली: 'भाऊंच्या चाकांच्या खुणा. रॅम्पवर पाय ठेवू नये.' मग लॉबीत जाऊन त्याने खिळा हलवून बघितला. घट्ट होता.

लिफ्ट उघडली. भाऊ बाहेर आले. मांडीवर रिकामी पिशवी, चाकांना अजून गुलाबी-हिरवा रंग.

"आता कुठे, भाऊ?"

"कोथिंबीर आणूची रवली."

"भाऊ, ब्रेक!" चंद्रप्रकाश धावला. "उद्यापर्यंत फक्त! तुमच्याच खुणा आहेत हो त्या! निलेश, अरे, उचल यांना!"

भाऊ माळेपाशी येऊन थांबले. त्यांनी पाटी वाचली. मग निलेशकडे बघितलं.

"निलेश, बोल रे मोरया."

आणि त्यांनी ब्रेक सोडला. या वेळी उतार होता.