जाऊबाईचं अंजीर

"ही दोन झाडं एका जातीची नाहीत. तेवढं तुमी त्या भिंतीपाशी उभं राहून मोठ्यानं सांगजा," रुख्मिणी म्हणाली.

निजामुद्दीनने अजून मोटरसायकल स्टँडवरही लावली नव्हती. शेलूबाजारला त्याची रोपवाटिका होती. झाडातलं कळतं म्हणून लोक त्याला गावोगाव बोलावून नेत, पण निकाल आधीच सांगून टाकणारं गिऱ्हाईक त्याला पहिल्यांदाच भेटत होतं.

"जयभीम भाभी," तो म्हणाला. "पयले झाड तं पाहू द्या."

झाड अंगणाच्या कडेला, भिंतीला लागून होतं. भिंतीपलीकडे धाकट्या जावेचं, पौर्णिमाचं अंगण. तिकडचं अंजीर असं माजलं होतं की त्याच्या फांद्या भिंतीवरून खुशाल इकडे डोकावत होत्या. रुख्मिणीचं झाड त्याच्यापुढे दुखणाईत दिसे. रोज सकाळी दात घासताना तिला ती दोन्ही झाडं दिसत आणि रोज सकाळी तिचा जीव जळे.

"घराची वाटनी झाली तवा बुढीनं आमा दोघी सुनांले एकएक फांदी देल्ली," ती म्हणाली. "म्हने, एकाच झाडाच्या हायेत. कायच्या एकाच झाडाच्या! तिले चांगली देल्ली, मले भलतीच."

तिने ताटली पुढे केली. ताटलीत दोन अंजिरं अन् दोन पानं होती. एक जोडी तिच्या झाडाची, दुसरी पौर्णिमाच्या. फांदी आपल्या हद्दीत आली होती, त्यामुळे ही चोरी नव्हे असं तिने स्वतःला कालच समजावलं होतं.

"हे पान पाहा. तिच्या पानाले पाच बोटं, माह्या पानाले तीन. अजून काय सबूत पाह्यजे?"

निजामुद्दीनने तिच्याच झाडाचा बुडातून फुटलेला कोवळा फुटवा वाकवला आणि एक पान तोडलं. त्याला पाच बोटं होती. मग हात उंचावून त्याने पौर्णिमाच्या फांदीचं एक जून पान तोडलं. त्याला तीन. बोटांना लागलेला पांढरा चीक त्याने पँटला पुसला आणि सुरीने दोन्ही फळं मधोमध कापली. एक आतून कोरडं, फिकं, कापसासारखं. दुसरं लालभडक, रस गळत असलेलं.

"जातीचं नाव मी छातीवर हात ठेवून नाही सांगत," तो म्हणाला. "आपल्या इकडचा मालच नाही हा. पन देठ पाहा, खालचा डोळा पाहा, सालीवरच्या रेघा पाहा. जात एकच हाय भाभी. बुढीनं खरं सांगतलं."

रुख्मिणीचा चेहरा उतरला.

"असं कसं होईन? अवो, याच गोष्टीवर तं म्या बुढीले तोडून टाकलं होतं. तिच्या अंगावरून वारं गेलं तवा म्हनलं, जिले गोड झाड देल्लं, तिच्याच घरी जाऊन पड!"

निजामुद्दीनने बसून बुडाची माती उकरली. माती ठणठणीत कोरडी होती.

"याच्या मुळाले ओलच नाही. अंजिराले थोडी थोडी ओल सारखी लागते. पानी कवा देता?"

"नळ आला की देतो एखादी बादली."

त्याची नजर भिंतीच्या तळाशी गेली. तिथे एका भोकात दगड ठोकून वरून सिमेंट थापलेलं होतं.

"हे काय हाय?"

"तिच्या न्हाणीचं घान पानी माह्या अंगनात सोडे, भवानी! नाली काढली होती मुद्दाम. म्या बंद केली."

पलीकडचा धुणं आपटण्याचा आवाज थांबला. भिंतीवरून पौर्णिमाचं डोकं वर आलं. तिने सगळं ऐकलं होतं, हे तिच्या तोंडावरूनच कळत होतं.

"नाली म्या नव्हती काढली, जाऊबाई," ती म्हणाली. "बुढीनं काढाले लावली. खाटेवरच सारं होऊन जाये तिचं, रोज दोन दोन डाव आंघोळ घालनं पडे. लय पानी निघे. तिच्या खाटेवरून तुमचं झाड दिसे. म्हने, मोठीचं झाड वाळून राह्यलं, थोडं पानी तिकडंबी जाऊ दे."

"मंग तवा काहून नाही बोलली?" रुख्मिणी ओरडली.

"तुमी दगड लावला ते बुढीलेबी नाही सांगतलं. मरेपर्यंत इचारे, मोठीच्या झाडाले फळ आलं का? मी म्हनो, आलं. मंग माह्याच झाडाचं अंजीर तिच्या तोंडात घालो अन् सांगो, हे मोठीनं पाठवलं तुमच्यासाठी."

ती खाली वाकली आणि धुणं पुन्हा सुरू झालं. निजामुद्दीनने सुरी पुसून खिशात ठेवली आणि उगाच मोटरसायकलकडे निघाला.

दरवर्षी पौर्णिमा वाटीभर अंजिरं पाठवायची आणि रुख्मिणी ती वाटी तशीच बकरीपुढे पालथी करायची. आज तिने ताटलीतली लाल फोड उचलली आणि तोंडात टाकली. गोड होती. इतकी वर्षं मनात धरली होती त्याहून कितीतरी गोड.

आणि जावेचा इतका हेवा तिला आजवर कधीच वाटला नव्हता.