आत्मचित्रांचं प्रदर्शन

मास्ट्रिख्टच्या एका कलादालनात कृष्णवर्णीय अमेरिकन चित्रकाराचं प्रदर्शन लागलं होतं. चारही भिंतींवर फक्त त्याची आत्मचित्रं. "लोक माझा रंग बघतात, चेहरा बघायचा राहूनच जातो," असं त्याने दारातच लिहून ठेवलं होतं. ते वाचून प्रकाश इतका हेलावला, की त्याने बायकोला, सुनेत्राला, प्रत्येक चित्रासमोर थांबवून वर्णभेदावर दोन शब्द ऐकवले.

बाहेर पडताना एक डच बाई कॅटलॉग घेऊन मागून धावत आली. "तुमच्या चित्रांनी रडवलं मला," असं म्हणून तिने प्रकाशपुढे सहीसाठी पेन धरलं.

आइंडहोव्हनच्या ट्रेनमध्ये बसल्यावरही प्रकाश धुमसत होता. "चारही भिंतींवर त्या माणसाचा चेहरा होता. सगळं बघून आली होती ती. निदान त्याची दाढी तरी लक्षात ठेवायची."

"नाहीतर काय. या लोकांना कितीही प्रदर्शनं दाखवा," सुनेत्रा म्हणाली. "आणि तो चित्रकार तिथेच उभा होता रे. सगळं ऐकलं त्याने. काय वाटलं असेल बिचाऱ्याला."

"त्याला काय वाटायचंय? काळा मला समजली ती."

सुनेत्राने पर्समधून सनस्क्रीनची ट्यूब काढली आणि त्याच्या हातात ठेवली.

"तरी मी केव्हाची सांगतेय, ऑफिसला उन्हात सायकलने जात जाऊ नकोस."