तळघरातली पावलं

"आधी मी," भाऊ म्हणाला आणि त्याने कॅसेट टेपरेकॉर्डरमध्ये सरकवली.

संध्याकाळपर्यंत घर रिकामं करायचं होतं. भांडी, कपाटं, आईचं शिवणयंत्र, सगळं न भांडता वाटून झालं. अडलं ते या जुन्या संगणकापाशी. शेवटी ठरलं, जो खेळातल्या तळघरातून जिवंत बाहेर पडेल त्याचा संगणक.

"तुला काय करायचाय तो, ताई?"

"तुला तरी काय करायचाय, भोपळ्या? तुझ्या घरी तीन पडलेत."

खेळ एका भयकादंबरीवरून केलेला होता. शाळेत असताना भाऊ ती कादंबरी मोठ्याने वाचायचा आणि ताई ऐकायची. भीती वाटली की तो पानं गाळायचा. ती लगेच पकडायची. खेळात मात्र ती पहिल्या जिन्यापुढे कधी गेली नव्हती. आई दुपारी झोपायची, म्हणून संगणकाला जोडलेल्या टीव्हीचा आवाज बंद ठेवूनच खेळायचं, असा नियम होता.

कॅसेट किरकिरू लागली, तिच्यावरचा खेळ संगणकात उतरू लागला.

"मध्येच अडखळली. पुन्हा लाव," ताई म्हणाली.

खेळ सुरू होताच भावाने सवयीने आवाज बंद केला. खेळला छान. दोन किल्ल्या मिळवल्या, तळघर गाठलं. तिथे पांढरी आकृती समोर उभी राहिली. तो वळला, पण उशीर झाला होता. त्याने चिडून कळ आपटली.

"मेलास ना? ती दिसेपर्यंत थांबतोस, तिथेच चुकतोस."

"बोलायला काय जातं? ये, बस आता."

ताई बसली. चार बोटं चार कळांवर ठेवली.

"आवाज लाव. आता कुणाची झोप मोडायचीय?"

त्याने बटण पूर्ण फिरवलं. घरभर पावलं वाजू लागली. ताई मान किंचित तिरकी करून पुढे निघाली. जिना चढली. किल्ल्या उचलल्या. तळघरात मधेच थांबली.

"थांबलीस का? खोलीत कुणी नाहीये."

"शेजारच्या खोलीत आहे."

पावलं मोठी झाली, मग लहान होत विरली. ताई निघाली. भिंतीला ठक्क धडकली, वळली, पुन्हा धडकली, पुन्हा वळली. मग एक दार करकरलं आणि त्या घरात आजवर कुणीच न ऐकलेली धून वाजली.

भाऊ पडद्याकडे वाकला.

"बाहेर आलीस तू, ताई."

"वाच."

त्याने मोठ्याने वाचलं, "पहाट झाली. या घरातून जिवंत सुटलेले तुम्ही पहिलेच."

"काही गाळलं नाहीस ना?"

"एक अक्षर नाही."

ती खळखळून हसली. भावाने तारा गुंडाळल्या, तिचा संगणक स्वतःच्या काखेत घेतला आणि दाराशी टेकवलेली तिची पांढरी काठी तिच्या हातात दिली.