सलाईनचा हात

"बाळा, कुठल्या हाताला सलाईन लावू?" सिस्टरनी माझ्या सात वर्षांच्या लेकीला विचारलं.

"डाव्या," मीच घाईघाईने सांगितलं. "उजव्याने लिहिते ती." लेक काहीतरी बोलणार होती, मी तिच्या केसांवरून हात फिरवून तिला गप्प केलं.

ताप उतरल्यावर मी घरून चित्रांची वही आणि रंगीत खडू मागवले. तिने ते नुसते मांडीवर ठेवले.

"काढ की काहीतरी. उजवा हात मोकळा आहे ना?"

"चित्र मी डाव्याने काढते. तू किचनमध्ये असतेस तेव्हा."

डाव्या हाताने काही केलं की मी ओरडायचे. "मग सिस्टरना का नाही सांगितलंस?"

"तू रागावली असतीस." माझा चेहरा बघून तिने उजव्या हातात खडू धरला. "रडू नको गं आई. याने पण येईल."