आठवी चिप

पाचव्या चिपचा शेवटचा पाय बोर्डातून सुटला, तेव्हा कुठे दुरुस्तीवाल्याने रोखून धरलेला श्वास सोडला. खालची तांब्याची रेघ शाबूत होती. इतक्या जुन्या बोर्डावर ती एकदा उखडली, की केलंसवरलं सगळं पाण्यात.

"जमलं का, भाऊ?" वहिनींनी कॉफीचा कप टेबलावर ठेवला.

"जमलं. राहिल्या तीन."

कॉम्प्युटर वहिनींच्या नवऱ्याचा. ते आजारपणात गेले, पण शेवटपर्यंत अंथरुणातून उठून यावर काहीतरी टाइप करत बसायचे. ते सगळं एका कॅसेटवर होतं. कॅसेट ठणठणीत होती. पडद्यावर मात्र उमटायची ती नुसती भुताटकी. पडद्यावरची अक्षरं आठ चिपा मिळून सांभाळायच्या, प्रत्येकीकडे प्रत्येक अक्षराचा एकेक तुकडा. आणि आठही कामातून गेल्या होत्या; पैकी दोन त्याच्याआधीच कुणीतरी बदलल्या होत्या.

"यांनी शेवटी काय लिहिलं तेवढं कळलं, की मी मोकळी," वहिनी पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. "वाचता यायला लागलं की आधी मला हाक मारा. दुसऱ्या कुणाला दाखवू नका."

त्याला गलबलून आलं होतं. त्याची स्वतःची बायको एक शब्दही न बोलता गेली होती.

खरं तर काम दोन दिवसांचं. पण तो एका खेपेला एकच चिप बदलायचा. बोर्ड नाजूक आहे, असं वहिनींना सांगायचा आणि सांगताना त्याचे कान लाल व्हायचे. आयती कॉफी हातात मिळून त्याला वर्षं लोटली होती. आणि कॉफी तरी कशी? कडक, साखर सढळ.

"त्या घरी जाताना बरी दाढी घोटून जातोस!" ताईने घरी त्याची फिरकी घेतली. मग ती जवळ आली. "पण तोंड बघ आरशात. रंग पार उतरलाय. डॉक्टरला दाखव."

"शिशाचा धूर गं. आमच्या धंद्यातलं दुखणं."

बोटांना मुंग्या यायच्या, त्या वाकून बसण्यामुळे. जिभेवर लोखंडाची चव रेंगाळायची, तीही त्याच्या ओळखीचीच. दोन्ही हात गुंतलेले असले की सोल्डरची तार दातात धरायची त्याची जुनी खोड होती.

सातव्या चिपच्या वेळी पकड शोधताना त्याने टेबलाचा खण उघडला. आत एक सोल्डरिंग आयर्न होतं. मुठीला कापडी पट्टी गुंडाळलेली, कुणाच्या तरी बोटांनी झिजलेली.

"हे कुणाचं, वहिनी?"

"तुमच्याआधी एक कारागीर यायचे. पहिल्या दोन चिपा त्यांनीच बसवल्या. पुढे तब्येतीने साथ दिली नाही बिचाऱ्यांना."

"न्यायला नाही आले?"

"नाही. कॉफी निवतेय, भाऊ."

त्याला जरा नवल वाटलं. कारागीर छत्री विसरेल, चष्मा विसरेल. हातात बसलेलं आयर्न कुणी टाकून जात नाही. त्याने खण लावून टाकला.

आठवी चिप बसवताना त्याचे हात इतके कापत होते, की एकेका पायाला दोनदा टाका द्यावा लागला. काम संपणार म्हणून जीव कासावीस झाला होता, असं त्याने स्वतःला समजावलं. नंतरही अधूनमधून आलो तर चालेल का, असं आज विचारायचंच, हे त्याने ठरवलं होतं. धीर यावा म्हणून त्याने कप एका दमात रिकामा केला आणि बटण दाबलं.

कॅसेट किरकिरली. पडदा थरथरला आणि स्थिर झाला. स्वच्छ, सरळ अक्षरांच्या ओळी!

"वहिनी!" त्याने एक ओळही न वाचता हाक मारली. शब्द दिला होता.

त्या दुसरा कप घेऊनच आल्या. "आणखी कुणी पाहिलं नाही ना?"

"छे! पहिली हाक तुम्हालाच."

"गुणाचे आहात." त्या त्याच्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या. "वाचा ना मोठ्याने. माझा चष्मा आत राहिलाय."

त्याने घसा खाकरला आणि वाचायला सुरुवात केली.

"आधी बोटांना मुंग्या आल्या. मग जिभेवर लोखंडाची चव राहू लागली. तोंडाचा रंग उतरला, हात कापायला लागले. आज कळलं, ती कॉफीत साखर इतकी सढळ का घालते."