पणजीसाठी मागितलेलं आयुष्य

"पणजीचं नाव जिवंतांतच घेत जा. मेल्याची नोंद हाती आल्याशिवाय हलवू नकोस," असं आई शेवटच्या आजारात बजावून गेली होती.

आमच्या घरी रोजच्या प्रार्थनेत आधी जिवंतांसाठी दीर्घायुष्य मागतात, मग गेलेल्यांसाठी शांती. पणजी तरुणपणीच घर सोडून गेली आणि पुढे तिची काही खबर आली नाही, म्हणून आम्ही पिढ्यान्‌पिढ्या तिच्यासाठी आयुष्यच मागत आलो. यंदा मला हे मागणं म्हणजे देवाची थट्टा वाटू लागली, आणि पणजीच्या मृत्यूची नोंद शोधायला मी जन्म-मृत्यू नोंदणी कचेरी गाठली.

कारकुनाने नाव वाचून चष्मा कपाळावर चढवला. "तुमच्याच घरच्या एक बाई हीच नोंद विचारायला येतात."

मला थोरल्या बहिणीचा संशय आला. माझ्यामागे असले उद्योग तीच करणार. तिथूनच तिला फोन लावला.

"अगं, मला जिवंतांचंच उरकत नाही, मेलेल्यांचं कुठे घेऊन बसू?" ती म्हणाली.

मी कारकुनाला विचारलं, "कशा दिसतात त्या?"

"फार म्हाताऱ्या. माझ्या आधीचे साहेब सांगायचे, त्यांच्या वेळीही अशाच म्हाताऱ्या होत्या. 'माझी नोंद झाली का?' एवढंच विचारतात. नाही म्हटलं की भिंत धरून परत जातात."

मी पिशवी उचलली. "मी उद्या येते."

"बसा हो. घरचं कुणी आलं की बोलावीन, असा शब्द दिलाय त्यांना. इथे मागेच राहतात."

त्याने पंखा माझ्याकडे वळवला, चपला पायात सरकवल्या आणि दार हलकेच ओढून घेत तो त्यांना आणायला गेला.